एसटीतली जागा आता तो दुसऱ्यासाठी धरतो : अकरावीतल्या एका मुलाला उत्तर

तू सगळं एका दमात लिहिलं आहेस, म्हणून मला काय समजलं ते आधी सांगते. चुकत असेल तर दुरुस्त कर.

तू आणि तुझा मित्र भिलवडीकडच्या एकाच गावचे. २०१९ च्या पुरात दोघांच्याही घरात पाणी शिरलं. तेव्हा तुम्ही पाचवीत होता. एका शाळेत लोकांची सोय केली होती, तिथे तुम्ही शेजारी शेजारी, एका चादरीत झोपलात. तेव्हापासून एक बाक आणि एक डबा. दहावीनंतर दोघांनी सांगलीत सायन्सला प्रवेश घेतला, क्लास विश्रामबागेत. संध्याकाळी स्टँडवर गाडी लागली, की तो खिडकीतून रुमाल टाकून तुझ्यासाठी जागा धरायचा. दिवाळीनंतर वाटेवरच्या गावचा एक मुलगा क्लासला आला आणि आता तो रुमाल त्याच्यासाठी पडतो. तू रात्री उशिरापर्यंत मित्राचं लास्ट सीन बघत बसतोस. मागच्या आठवड्यात रागाच्या भरात तू त्या नव्या मुलाला मित्राच्या घरची अशी एक गोष्ट सांगितलीस, जी त्याने फक्त तुला विश्वासाने सांगितली होती. त्याला ते कळलं. आता तो बोलत नाही.

तुझे प्रश्न दोन आहेत. ही दोस्ती आहे की प्रेम? आणि तो पहिल्यासारखा व्हावा म्हणून काय करू? शेवटच्या ओळीत तू लिहिलंस, ‘मी असा का आहे याची लाज वाटते, घरी कळलं तर वडील मारतील.’

सांगली-मिरजेच्या शाळा-कॉलेजांतल्या मुलांशी समुपदेशक म्हणून बोलण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. तुझ्यासारखे मुलगे माझ्याकडे नेहमी येतात, फक्त येताना कारण वेगळं सांगतात. अभ्यासात लक्ष लागत नाही, डोकं दुखतं, झोप येत नाही, कॉलेज बदलायचंय. थोडं बोलणं झालं की कळतं, जिवलग मित्र दुरावलाय. मुलींना हे सांगायला निदान मैत्रिणी असतात. मुलग्यांची पंचाईत अशी, की ज्याला सांगायचं तोच रुसलेला असतो. तू ते सरळ लिहून टाकलंस, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता माझं म्हणणं सांगते. दोस्ती की प्रेम, हे आज ठरवायची गरज नाही. ते ठरायला वेळ लागतो आणि बहुतेक वेळा ते आपोआप उलगडतं. आज ठरवायचंय ते वागणं. या घटकेला तुझ्या मनाची सगळी सूत्रं त्याच्या हातात आहेत. त्याने जागा धरली तर तू कुणीतरी, नाही धरली तर कुणीच नाही. खरा त्रास इथे आहे. तू दिलेली नावं, म्हणजे मत्सर, प्रेम, लाज, ही सगळी त्या त्रासाभोवती फिरतायत.

आधी प्रेमाबद्दल बोलू, कारण लाज तिथेच वाटतेय.

तुझा त्याच्यावर जीव आहे. हे वाक्य मोठ्याने म्हणून बघ, कुणी नसताना. यात लाजण्यासारखं काहीही नाही. हॅरी स्टॅक सलिव्हन नावाचे एक अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ होऊन गेले. वयात येण्याच्या उंबरठ्यावर बहुतेक मुलांना एक जिवलग मित्र मिळतो आणि त्याच्यामुळे मूल पहिल्यांदा दुसऱ्याचं सुख आपल्या सुखाइतकंच महत्त्वाचं मानायला शिकतं, असं त्यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात मांडलं होतं. म्हणजे पुढे आयुष्यात कुणावरही माया करायची, तर तिची शिकवणी अशा दोस्तीत होते. नायोबी वे या मानसशास्त्रज्ञांनी न्यूयॉर्कमधल्या मुलग्यांच्या वर्षानुवर्षं मुलाखती घेतल्या. तेरा-चौदा वर्षांचे मुलगे ‘तो नसेल तर मला चैन पडत नाही’ असं मोकळेपणाने सांगत. तेच मुलगे सोळा-सतराचे झाले की खांदे उडवून विषय टाळत. माया आटलेली नसते. ती बोलून दाखवली तर पोरं हसतील ही भीती तोवर आलेली असते.

न्यूयॉर्क लांब राहिलं, आपल्याकडे बघ. सातवीतली पोरं गळ्यात हात टाकून शाळेतून बाहेर पडतात. जत्रेत दोन म्हातारे एकमेकांचं बोट धरून पालखीमागे चालत असतात आणि कुणाच्या ते मनातही येत नाही. मधलं वय तेवढं अवघड. नववी-दहावीत कुणीतरी ‘तुझी बायको आली बघ’ म्हणून चिडवतं, सगळा वर्ग खिदळतो आणि दुसऱ्या दिवसापासून तो हात गळ्यातून निघून खिशात जातो. तुझ्या चिठ्ठीतली लाज तुझी स्वतःची नाही. ती वर्गाने तुझ्या खांद्यावर ठेवली आहे.

त्यातून तुमची दोस्ती पुरातली. तो ऑगस्ट मला चांगला आठवतो. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. लोकांची सोय केलेल्या शाळांमधून मी मुलांशी बोलत फिरत होते. ज्या मुलांजवळ त्या दिवसांत त्यांच्या वयाचं कुणीतरी होतं, ती रात्री झोपत होती. ज्यांच्याजवळ नव्हतं, ती दचकून उठायची. भीतीच्या वेळी ज्याचा हात हातात असतो, तो माणूस मनात फार खोल जाऊन बसतो. तुझा मित्र त्या रात्रीपासून तुझ्यासाठी नुसता मित्र राहिला नाही, ‘तो आहे म्हणजे मी सुरक्षित आहे’ अशी खूणगाठ बांधली गेली. म्हणून एका रुमालाने तुला एवढं हलायला झालं. ज्याने हे भोगलं नाही तो म्हणेल, ‘एवढं काय त्यात, दुसऱ्या सीटवर बस.’

आता ज्या अर्थाने तू विचारतोयस त्या प्रेमाबद्दल. मुलगा आणि मुलीत असतं तसं, किंवा दोन मुलग्यांत असतं तसं. ते हेच आहे का, हे मला इथून सांगता येणार नाही, आणि समोर बसलास तरी मी सांगणार नाही. ते ठरवायचा अधिकार तुझा आहे. माझ्याकडे आलेल्या मुलांपैकी काहींना पुढे उमगलं, की आपल्याला मुलगेच आवडतात. बऱ्याच जणांच्या बाबतीत तो एका मित्रावरचा अतोनात जीव होता, पुढे त्यांचं प्रेम मुलींवर बसलं आणि तो मित्र आजही त्यांचा जिवलग आहे. काहींना बरीच वर्षं उत्तर मिळालं नाही आणि त्यांचं काही अडलं नाही. मत्सर किती वाटतो, यावरून मात्र काही ठरत नाही. मत्सर तिन्ही प्रकारांत सारखाच जळतो.

समजा, पुढे तुला उमगलं की मुलगेच आवडतात. तर काय? तो आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून काढलं. सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, असा निकाल आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी दिला. आणि कुणी डॉक्टर ‘याला बरा करतो’ म्हणून उपचार करायला निघाला, तर ते व्यावसायिक गैरवर्तन आहे असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. हे मी मुद्दाम सांगते, कारण घाबरलेले आईवडील पोराला देवऋष्याकडे नाहीतर कुठल्यातरी ‘उपचार केंद्रात’ नेतात आणि पोर आतून मोडतं. यातलं तुझ्या बाबतीत काही होईलच असं नाही. पण ज्या शब्दाला तू घाबरतोयस त्याच्यापलीकडे अंधार नाही, हे तुला माहीत असू दे.

आता मत्सराकडे येऊ. इथे मी जरा थांबणार आहे, कारण तुझ्या हातात आज जे काही आहे ते इथेच आहे.

मत्सर वाटणं हा गुन्हा नाही. जे आपल्याला मोलाचं आहे ते जाईल अशी भीती वाटली, की तो येतो. मित्राबद्दलच्या मत्सराचा अभ्यास झालेला आहे. जेफ्री पार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दिसलं, की ज्या मुलांना स्वतःची किंमत कमी वाटते त्यांना हा मत्सर जास्त छळतो. माझा अनुभवही तोच आहे. गावच्या शाळेत तू आणि तो, दोघांचं नाव एका दमात घेतलं जायचं. सांगलीत क्लासला शंभर पोरं, त्यात तुला कुणी ओळखत नाही, युनिट टेस्टमध्ये मार्क घसरलेले (हे तू एका ओळीत लिहून पुढे गेलास, मला ते महत्त्वाचं वाटलं). नव्या जागी तुझी ओळख सांगणारा तो एकटाच होता. तो सरकला, तेव्हा मित्राबरोबर तू स्वतःलाही हरवलंस असं तुला वाटलं. त्या नव्या मुलाने तुझं काही घेतलेलं नाही. त्याला तर बहुधा कल्पनाही नसेल, की तो कुणाच्या जागेवर बसलाय.

तुझ्या मित्राच्या बाजूनेही एकदा बघ. गावात तुम्हाला निवड नव्हती. एक वर्ग, एक वाट, एक ओढा. शहरात आल्यावर त्याला पहिल्यांदा दहा प्रकारची माणसं दिसली. तो पाखरासारखा हुंदडतोय. नवा मित्र मिळाला म्हणून जुना नकोसा होतो असं नाही. पण हेही तितकंच खरं, की कधी कधी होतो. तुमच्यात काय झालंय हे तुला फोनवरून कळणार नाही.

फोनबद्दल सांगते. एक मुलगा माझ्याकडे यायचा, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलते. तो एक वही घेऊन आला होता. पहिल्या रकान्यात मित्र रात्री किती वाजता ऑनलाइन होता ती वेळ, दुसऱ्या रकान्यात ‘कुणाशी बोलत असेल’. पानंच्या पानं भरली होती, बारीक सुबक अक्षरात, प्रॅक्टिकलच्या जर्नलसारखी. मी त्याला रागावले नाही. पट्टी दिली आणि तिसरा रकाना आखायला सांगितला. त्यावर लिहायचं, ‘मला खात्रीने काय माहीत आहे’. तो बराच वेळ पेन धरून बसला. मग पहिल्या ओळीत लिहिलं, ‘तो जागा होता.’ दुसऱ्या ओळीतही तेच. अर्ध्या पानानंतर त्याने स्वतःच वही मिटली. बाकीचं सगळं त्याने रात्री एकट्याने रचलं होतं आणि त्या रचलेल्या गोष्टीवरून दिवसा तो मित्राशी भांडत होता.

तूही हेच करतोयस. म्हणून आज रात्री असा तिसरा रकाना तूही आखून बघ. आणि फोन रात्री दहाला आईच्या उशाशी नाहीतर स्वयंपाकघरात चार्जिंगला लाव. ‘बघणार नाही’ असा निश्चय मी तुला करायला सांगत नाही, फोन हाताशी असेल तर तो टिकत नाही. पहिल्या तीन-चार रात्री जड जातील. नंतर झोप लागायला लागते आणि झोप लागली की निम्मा मत्सर सकाळी लहान दिसतो. हे मी कित्येक मुलांच्या बाबतीत पाहिलं आहे.

आता ती गोष्ट, जी तू प्रश्नात विचारली नाहीस, नुसती सांगितलीस. त्याच्या घरची गोष्ट तू फोडलीस. तुझ्या पत्रातलं सगळ्यात गंभीर मला हे वाटतं. मत्सर वाटला, रडू आलं, लास्ट सीन बघितलं, इथपर्यंत त्रास तुलाच होत होता. इथे तो त्याच्यापर्यंत पोचला. त्याने तुला ज्या विश्वासाने सांगितलं होतं, त्याच जागी तू मारलंस. तो बोलत नाही याचं कारण नवा मित्र नाही, हे आहे. म्हणून ‘तो पहिल्यासारखा कसा होईल’ या प्रश्नाआधी माफी येते. आणि माफी मागताना बदल्यात काही मागायचं नाही.

कशी मागायची? समोरासमोर. व्हॉइस नोट पाठवू नकोस, चॅटवर लिहू नकोस. चॅटचा स्क्रीनशॉट निघतो आणि तो कुठे कुठे फिरेल हे तुझ्या हातात राहत नाही. गाडीत सगळ्यांसमोर नको. क्लास सुटल्यावर स्टँडपर्यंत चालत जायची वेळ असेल तर त्याला म्हण, ‘पाच मिनिटं बोलायचंय, मग तू जा.’ तो नको म्हणाला तर त्या दिवशी सोडून दे. हो म्हणाला तर एवढंच बोल :

‘मर्दा, तुझ्या घरची गोष्ट मी त्याला सांगितली. ती सांगायचा मला काही अधिकार नव्हता. चुकलं माझं. तू लगेच माझ्याशी बोलायलाच पाहिजेस असं काही नाही.’

बस. ‘पण तू पण माझ्याशी...’ हे शब्द जिभेवर येतील, ते गिळ. ‘पण’ आला की माफीचं भांडण होतं. आणि त्या नव्या मुलालाही गाठून सांग, की ती गोष्ट मी सांगायला नको होती, तू पुढे कुणाला सांगू नकोस. हे पहिल्यापेक्षा अवघड आहे, मला माहीत आहे. पण मित्राचं झालेलं नुकसान थोडंफार भरून काढायचं असेल, तर तो रस्ता या मुलाकडूनच जातो.

यानंतर त्याला वेळ दे. किती, ते त्याच्यावर आहे. या वयात काही मुलं दोन दिवसांत गळ्यात हात टाकतात, काही सहा महिने धुमसतात. मधल्या काळात तू तुझं बघायचंस. क्लासमध्ये दुसऱ्या कुणाशी तरी एखादी शंका विचारण्यापुरतं बोल. गावात पोरं संध्याकाळी कबड्डी खेळत असतील तर जा. त्याला दाखवायला म्हणून नवा मित्र करू नकोस, ते त्याच्याही लक्षात येतं आणि त्या नव्या मुलावरही अन्याय होतो. तुला सांगलीत तुझी स्वतःची एक जागा हवी आहे, जी कुणी रुमाल टाकून धरावी लागत नाही.

तो बोलायला लागला, तर ‘पहिल्यासारखा हो’ असं म्हणू नकोस. त्याला कळणारच नाही, की म्हणजे नेमकं काय करायचं. एखादी लहान, ठरावीक गोष्ट माग. ‘रविवारी सकाळी आपण दोघंच पोहायला जाऊ, बाकी तू कुणाबरोबर पण फिर.’ यातला दुसरा भाग मनापासून म्हणता येत नसेल तर पहिलाही मागू नकोस. ‘तो की मी’ असं तर कधीच विचारू नकोस. माझ्याकडे आलेल्या कित्येक दोस्त्या या एका प्रश्नाने तुटल्या. तुझ्या बाजूने उत्तर आलं तरी तुटल्या, कारण ज्याला निवडायला लावलं त्याला पुढे सगळं ओझं वाटायला लागतं.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत, आणि त्या मला इथून दिसत नाहीत.

एक म्हणजे तो तुला मुद्दाम जाळतोय का. काही मुलांना आपल्यासाठी कुणी झुरतंय याची चटक लागते. आज जवळ घ्यायचं, उद्या दुसऱ्याला घेऊन समोरून जायचं, पैसे काढायचे, नोट्स लिहून घ्यायच्या, ‘खरा दोस्त असशील तर कर’ म्हणायचं. तसं असेल तर वरचं सगळं बाजूला ठेव आणि लांब हो. माफी तुझ्या चुकीची मागायचीच, पण त्यानंतर परत त्या खेळात जायचं नाही. तुझ्या लिहिण्यावरून मला तसं वाटलं नाही, पण तूच पारखून बघ.

दुसरं, तुला वाटतंय ते त्याला सांगावं का. जीव आहे, आठवण येते, एवढं तर सांगावंच. ‘तू नसतोस तर करमत नाही’ हे वाक्य आपल्याकडचे मोठे मोठे पैलवानही आपल्या दोस्ताला म्हणतात. पण त्यापलीकडचं काही वाटत असेल तर या महिन्यात नको. दोघंही दुखावलेले असताना सांगितलेली मोठी गोष्ट हातातून निसटते आणि एकदा वर्गात पसरली की परत घेता येत नाही. ती आधी एखाद्या भरवशाच्या मोठ्या माणसाला सांग. कुणाला, ते पुढे लिहिते.

आणि तिसरं, तो परत आलाच नाही तर. असं होऊ शकतं. मी तुला खोटी आशा दाखवणार नाही. पुरातल्या चादरीपासूनची दोस्ती अकरावीत संपली, असं घडतं. तेव्हा रडू येईल, जेवण जाणार नाही, त्या गाडीत बसवणार नाही. कुणी गेल्यावर होतं तसंच दुःख ते. त्याला दुःखासारखंच वागव. ‘पोरासारखा पोर रडतो काय’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नकोस.

इथवरचं सगळं एका जागी सांगते : आज रात्रीपासून फोन लांब, या आठवड्यात माफी, मग वाट, आणि नाव द्यायची घाई अजिबात नाही.

आता घरच्यांबद्दल. ‘वडील मारतील’ असं तू लिहिलंस. कळलं तर मारतील असा अंदाज आहे, की एरवीही मारतात, हे मला समजलं नाही. दुसरं असेल तर त्याची मदत वेगळी आणि आधी घ्यायला हवी. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, फोनला पैसे पडत नाहीत. घरी सगळं सांगायची सक्ती नाही. पण कुणालाच न सांगता राहू नकोस. मामा, मोठा चुलतभाऊ, आत्या, एखादे सर, ज्यांच्याकडे बघून तुला भीती वाटत नाही असं एक माणूस शोध. सुरुवात एवढीच कर : ‘माझा दोस्त माझ्याशी बोलत नाही, मला लई त्रास होतोय.’ ऐकणारा माणूस कसा ऐकतो ते बघ. हसला, तर तिथेच थांब आणि दुसरं माणूस बघ. शांतपणे ऐकलं, तर हळूहळू पुढचं सांगता येईल.

ओळखीचं कुणी नको असेल तर १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक आहे. चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. शिवाय सरकारी रुग्णालयांत १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी ‘मैत्री’ क्लिनिक असतात, तिथले समुपदेशक याच वयाच्या मुलांशी बोलतात. केसपेपर काढताना कारण विचारलं तर ‘झोप येत नाही’ म्हटलं तरी चालतं. तेही खरंच आहे.

एक गोष्ट मी प्रत्येक मुलाला सरळ विचारते, तुलाही विचारते. जगू नये असं वाटतं का? स्वतःला किंवा त्या दोघांपैकी कुणाला इजा करावी असं मनात येतं का? येत असेल तर हे उत्तर वाचायचं थांबव आणि आत्ता १४४१६ ला फोन कर, नाहीतर घरात जो जागा असेल त्याला उठव. वडील असले तरी उठव. मारण्याची भीती त्या वेळी दुय्यम आहे.

हे उत्तर वाचणाऱ्या आईवडिलांनाही दोन शब्द. तुमचा मुलगा मित्रामुळे जेवत नसेल तर त्याला हसू नका, ‘बायकांसारखं काय रडतोस’ म्हणू नका. ‘तो तसला तर नाही ना’ ही शंका मनात आली तरी ती त्याच्यासमोर मांडू नका, आणि त्या मित्राच्या घरी जाऊन जाब तर मुळीच विचारू नका. ताटावर बसल्यावर विचारा, ‘तो आला नाही रे बरेच दिवस, बरा आहे ना?’ एवढ्यावर पुष्कळ मुलं बोलायला लागतात. नाही बोलला तर वाढा आणि गप्प बसा. उद्या परत विचारा.

आणि तू, परत लिहिशील तेव्हा मला हे कळव. क्लासनंतर तुला त्याला एकट्याला गाठता येतं का, की तो नवा मुलगा कायम बरोबर असतो? ती घरची गोष्ट आणखी कुणाकुणापर्यंत गेली आहे? आणि मार्क कशात घसरले? या तिसऱ्या प्रश्नाचा या सगळ्याशी काय संबंध असं तुला वाटेल. पण सांग, कारण माफीनंतरच्या वाट बघायच्या दिवसांत तुला काय करायला लावायचं हे मी त्यावरून ठरवेन.